एका हीटरचा हिवाळा

३ डिसेंबर

वहिनी,

नमस्कार. दादा गेल्यानंतरचा हा तुमचा पहिला हिवाळा. आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना? तुम्ही म्हणालात, "वन्सं, एक हिवाळा मला एकटीला काढून बघू द्या." मी हो म्हटलं, कारण तुमच्याशी वाद घालून आपल्या घरात आजवर कुणी जिंकलेलं नाही. पण अट माझी. पडलात, आजारी झालात किंवा स्वतःचं स्वतःला करता येईनासं झालं, की घर सोडायचं, किल्ली घरमालकाच्या हातात द्यायची आणि कायमचं माझ्याकडे यायचं. मागची खोली रंगवून ठेवली आहे. खिडकीला पडदे मुद्दाम मला आवडणारे लावलेत, म्हणजे आल्या आल्या तुम्हाला नावं ठेवायला काहीतरी मिळेल.

आता नीट ऐका. औषधाच्या दुकानात अर्धा जन्म काढलाय मी, थंडी माणसाचं काय करते ते रोज बघते. एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला. डोकं, कान झाका. मोजे ओले झाले तर तिथल्या तिथे बदला. खोलीत कोळसे पेटवून दारं-खिडक्या बंद करून बसायचं नाही, तो धूर दिसत नाही आणि माणूस उठत नाही. आणखी एक. थंडीनं थरथरणाऱ्या माणसाला बघून आपण घाबरतो, पण जास्त घाबरायचं ते थरथर थांबल्यावर. बोलणं अडखळलं, माणूस भलतंच काही बोलायला लागलं, तर वाट बघायची नाही, डॉक्टरला बोलवायचं.

वाचून हसत असाल. हसा, पण कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

तुमची नणंद

१४ डिसेंबर

वन्सं,

पत्र कपाटाला चिकटवलं. आता सकाळी साडी काढायला गेले की तुम्ही दारातच उभ्या असता, कान झाकलेत का विचारत. झाकलेत हो.

माझं उत्तम चाललं आहे. जिन्याच्या पायऱ्यांवर रोज राख टाकते, म्हणजे पाय घसरत नाही. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली एकच करून टाकली, बाकीचं घर बंद. एका हीटरवर सगळं भागतं. तुमच्या दादांचा लोकरी कोट मी घरातच घालते. आरशात बघितलं तर बस डेपोतला वॉचमन वाटते, पण ऊब छान येते.

काळजी मला माझी नाही, खालच्या मजल्याची आहे. तिथे एक गृहस्थ राहतात, छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायचं काम. निवृत्त झाले, पण पेन काही निवृत्त झालं नाही. सगळी इमारत त्यांना 'लाल पेन' म्हणते. पावसाळ्यात घरमालकानं जिन्यात एक सूचना लावली होती. ह्यांनी ती लाल पेनानं तपासली, समासात खुणा केल्या आणि खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला. तेव्हापासून घरमालक आणि हे एकमेकांशी बोलत नाहीत. आता ह्यांचा हीटर बंद पडलाय. दुरुस्त कोण करून देणार? घरमालक. सांगायला कोण जाणार? कुणीच नाही. मी सांगू का म्हटलं तर म्हणाले, "माझ्या वतीनं आपण एक अक्षर बोललात तर मी ही इमारत सोडून जाईन." आणि जातील हो, तसलंच माणूस आहे.

काल वाटीभर सूप घेऊन गेले. ओव्हरकोट, हातमोजे, मफलर घालून खुर्चीत वाचत बसले होते. बोलताना तोंडातून वाफ निघत होती, स्वतःच्या घरात. ओठ निळसर. सूप घेतलं नाही. परवा घोंगडं ठेवून आले होते, ते घडी घालून माझ्या दारात परत. वर चिठ्ठी, 'आभारी आहे. गरज नाही.' अक्षर मात्र मोत्यासारखं.

असल्या माणसाला मदत करायची म्हणजे चोरी करण्यापेक्षा अवघड काम. बघते काहीतरी.

तुमची वहिनी

२ जानेवारी

आदरणीय बाईसाहेब,

आपली ओळख नाही. मी आपल्या वहिनींच्या खालच्या मजल्यावर राहतो. त्यांच्या पाकिटांवर पत्ता सध्या मीच लिहितो, म्हणून तो मला ठाऊक झाला. त्याचा असा उपयोग करणं योग्य नाही, हे मी जाणतो. पण गप्प राहणं त्याहून अयोग्य ठरेल.

आपल्या वहिनींची दृष्टी झपाट्यानं मंदावली आहे. गेल्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पेपरातली अक्षरं दिसेनाशी झालीत, रोज जरा वाचून दाखवाल का?" त्यांनी आजवर कुणाकडे काही मागितल्याचं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून मी सकाळी आणि संध्याकाळी त्यांच्याकडे वाचनास जातो. त्यांची समज तल्लख आहे. अग्रलेखाला त्या जे प्रश्न विचारतात ते संपादकानं ऐकायला हवेत. पण परवा त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. काल माझ्याशी बोलताना त्या कपाटाकडे बघत होत्या. पत्रं त्या हाताच्या सवयीनं लिहितात म्हणे.

एकट्या बाईनं अशा स्थितीत, अशा थंडीत आणि अशा जिन्याच्या इमारतीत राहणं धोक्याचं आहे. आपण त्यांना लवकर घेऊन जावं, असं मला वाटतं. मला त्यांची उणीव भासेल, परंतु तो मुद्दा नव्हे.

आपला,
खालच्या मजल्यावरचा शेजारी

६ जानेवारी

वहिनी,

दुकानातलं काम टाकून लिहायला बसले आहे. तुमचे डोळे गेले आणि ते मला एका परक्या माणसाच्या पत्रातून कळावं? नाताळात तुमचं चार ओळींचं पत्र आलं, त्याच्या पाकिटावरचं अक्षर वेगळं दिसलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तुम्ही मात्र लिहिता, 'माझं उत्तम चाललं आहे.' चहात मीठ घालणं म्हणजे उत्तम का?

हे पत्र तरी तुम्हाला कोण वाचून दाखवणार? तोच सद्गृहस्थ असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

अट अट असते. महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येते. कपडे भरायला घेऊ नका, अंदाजानं भराल आणि उन्हाळ्याचे भराल. सोबत डोळ्यांत घालायचे थेंब पाठवते आहे.

तुमची नणंद

१२ जानेवारी

वन्सं,

शांत बसा आणि आधी पाणी प्या.

माझे डोळे ठणठणीत आहेत. तुमचं पत्र मी स्वतः वाचलं, पाठीमागे तुमच्या दुकानाचा शिक्का उलटा उमटलाय तोही वाचला. थेंब परत पाठवत नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

तुम्हीच सांगा, मी काय करणार होते? सूप घेत नाहीत, घोंगडं घेत नाहीत, हीटरचं नाव काढू देत नाहीत. मग विचार केला, ह्या माणसाला देता येत नसेल तर ह्याच्याकडून घ्यावं. काय घ्यावं? वाचता तर येतं त्यांना. आले की हीटरजवळची खुर्ची मी आधीच ओढून ठेवलेली असते. पेपर वाचायला आधी अर्धा तास लागायचा, आता मी इतक्या शंका काढते की दुपार होते. मग म्हणते, जेवणाची वेळ झाली, मला वाढायला जरा मदत करा, दिसत नाही. मदत करता करता जेवतात. संध्याकाळी पुन्हा तेच. झोपायलाच तेवढे खाली जातात, तेही गरम पाण्याची बाटली 'माझ्या हातून गळतेय का बघा, सकाळी सांगा' असं सांगून मी त्यांच्या हातात देते. रोज सकाळी बाटली परत आणतात आणि गंभीरपणे सांगतात, "गळत नाही."

ओठांवरचा निळेपणा गेलाय. मीठ घातलं ते मुद्दाम. तो चहा मलाही प्यावा लागला, हे तुम्हाला कुणी लिहिलं नाही.

आणि वाचतात काय सुंदर! स्वल्पविरामाला थांबतात, पूर्णविरामाला श्वास घेतात. चूक आली की क्षणभर डोळे मिटतात, जिवाला लागल्यासारखे, आणि पुढे जातात. तुमच्या दादांनंतर या घरात आवाज नव्हता, वन्सं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

आता तुमच्या हाती आहे. तुम्ही न्यायला आलात तर मी आंधळी ठरणार आणि घर जाणार. त्यांना खरं कळवलंत तर ते उद्यापासून त्या बर्फाच्या खोलीत जाऊन बसतील आणि दाराला आतून कडी लावतील. त्यांना काही लिहू नका. येऊही नका.

तुमची वहिनी

१७ जानेवारी

वहिनी,

म्हणजे एकतर तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही मला फसवताय, नाहीतर दिसतंय आणि त्या बिचाऱ्याला फसवताय. रात्रभर विचार केला. दुसरंच खरं असणार. मीठ घातलेला चहा तोंड वाकडं न करता पिणारी बाई आपल्या घरात एकच आहे.

रागावले आहे, पण खरं सांगायचं तर दुकानात गिऱ्हाईकासमोर मला दोनदा हसू आलं. हे सुचलं कसं तुम्हाला? दादा म्हणायचे, "तुझ्या वहिनीनं ठरवलं तर ती घरमालकाकडूनही भाडं घेईल." मी आयुष्यात खोटं बोलले नाही, पण त्या गृहस्थांना लिहिलं आहे की, 'कळवल्याबद्दल आभार, उपचार चालू आहेत, तूर्त वाचन चालू ठेवावं.' लिहिताना कान गरम झाले.

न्यायला येणं पुढे ढकललं आहे, रद्द केलेलं नाही. बातम्यांत सांगतायत, पुढच्या पंधरवड्यात फार मोठी थंडी येणार. एक जरी काही झालं तर मी निघाले समजा. त्यांच्यावरही लक्ष ठेवा. इतके दिवस गारठ्यात काढलेलं म्हातारं शरीर आहे.

तुमची नणंद

९ फेब्रुवारी

वन्सं,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही गाडी काढली असेल तर वाटेतूनच परत फिरा. सगळे बरे आहेत. आता क्रमानं सांगते.

बर्फ पडायला लागलं ते थांबेचना. रस्ते बंद, पेपर टाकणारा आला नाही. सकाळची त्यांची वेळ झाली, खुर्ची हीटरजवळ ओढली, पण हे येईनात. त्यांना उशीर म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मी खाली गेले. दार नुसतं लोटलेलं. खुर्चीत बसले होते, कोट अंगात, बूट पायात, आणि मांडीवर ओला पेपर. माझ्यासाठी पेपर मिळतो का बघायला बर्फातून बसस्टँडपर्यंत चालत गेले होते. परत येऊन 'जरा टेकतो' म्हणून बसले आणि तिथेच राहिले. पाय घोट्यापर्यंत भिजलेले.

मी म्हटलं, "उठा, वर चला." तर म्हणाले, "पान तीनचं अजून आलेलं नाही. यंत्र थांबवा." जीभ जड झालेली. हात हातात घेतला, बर्फासारखा गार, आणि जराही थरथर नाही. वन्सं, त्या क्षणी मला कपाटाच्या दारावरचं तुमचं पत्र दिसलं, अक्षरन् अक्षर. नाहीतर मी म्हटलं असतं, थरथरत नाहीत म्हणजे बरे आहेत, झोपू द्या जरा.

ओरडून जिना गोळा केला. सगळ्यांत आधी कोण धावत आला असेल? घरमालक. त्यानंच डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर फोनवर सांगत गेले तसं केलं. हळू उचलून, धक्का न लावता वर माझ्या खोलीत आणलं. ओलं सगळं काढलं, कोरडं घातलं. आधी छाती-पोटावर घोंगडी, टोपी, मग बाकीचं. हातपाय चोळायचे नाहीत, एकदम कडक शेक द्यायचा नाही, दारूचा घोट तर मुळीच नाही. नीट गिळता यायला लागल्यावर कोमट, गोड पाणी चमच्याचमच्यानं. घरमालक त्यांच्या पायाशी बसून मोजे चढवत होता आणि नाकानं सूं सूं करत होता, थंडीनं की कशानं ते मी विचारलं नाही. डॉक्टर बर्फातून पोचेपर्यंत त्यांना पुन्हा थरथर सुटली होती. माणूस थरथरतोय म्हणून मला इतका आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं.

दवाखान्यात ठेवलं होतं, आता परत आलेत. घरमालकानं त्याच दिवशी माणूस आणून हीटर नवा बसवला. दोघं बोलायला लागलेत, म्हणजे भांडायला लागलेत.

मला मात्र रात्री झोप लागत नाही. त्यांना वाचवायला म्हणून मी पेपर वाचून घ्यायचं निमित्त काढलं आणि त्या पेपरापायीच ते बर्फात गेले. माझ्या नसलेल्या आजारासाठी. शिवाय त्या गडबडीत डॉक्टरांनी दिलेल्या औषधावरची बारीक अक्षरं मी त्यांच्यासमोरच भराभरा वाचली. ते शुद्धीत नव्हते, लक्षात नसेल. आता त्यांच्या खोलीत ऊब आहे. माझे डोळे बरे झाले असं सांगून टाकावं, नाही का? पण काल सकाळी ते काठी टेकत वर आले, पेपर उघडला, म्हणाले, "पहिल्या पानापासून?" आणि मला सांगवेना.

अटीप्रमाणे 'काही झालं' ते माझ्यामुळे झालं. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन. किल्ली कधी द्यायची ते कळवा.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

आदरणीय बाईसाहेब,

मागच्या पत्रात मी आपल्याला चुकीची माहिती दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, आता स्वतःची करतो.

आपल्या वहिनींना उत्तम दिसतं. मी शुद्धीवर येत होतो तेव्हा त्या औषधावरचा मजकूर वाचत होत्या, मलाही चष्म्याशिवाय वाचता आला नसता असा. डोळे मिटून मी तो सगळा ऐकला. त्यांचं वाचन चांगलं आहे, घाई मात्र करतात.

मग पडल्या पडल्या सगळा महिना पुन्हा तपासला. खुर्ची, जेवण, गळणारी बाटली. एका माणसाला त्याच्याच हट्टापासून वाचवायचं आणि त्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, म्हणून कुणी इतक्या चिकाटीनं आंधळेपण वठवावं, हे मी छापील पानांत कधी वाचलं नाही. पूर्वी मला असं कळलं असतं तर मी रागानं खोली सोडून गेलो असतो. या खेपेला राग शोधला, सापडला नाही.

पेपर आणायला गेलो तो माझ्या हट्टानं. त्याचा दोष त्या स्वतःकडे घेत आहेत, असं त्यांच्या गप्प राहण्यावरून दिसतं. कृपया तसं होऊ देऊ नका. त्या दिवशी त्या खाली आल्या नसत्या तर हे पत्र लिहायला मी नसतो. वाचन ठरलेलं नसतं तर मी आलो नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

माझा हीटर आता चांगला चालतो. तरीही मी रोज वर जातो. मला कळलं आहे, हे त्यांना सांगू नये अशी विनंती. त्यांना कळलं की मला कळलं, तर त्या संकोचतील आणि वाचन थांबेल. त्या घरात एकट्या असतात, दुपारी बोलायला कुणी नसतं, आणि माझं वाचन त्यांना आवडतं, असा माझा समज आहे.

त्यांना घेऊन जा, असं मी लिहिलं होतं. ते मागे घेतो. नेऊ नका.

आपला,
खालच्या मजल्यावरचा शेजारी

२० फेब्रुवारी

वहिनी,

किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. मागची खोली मी शिवणाच्या मशीनला देऊन टाकली.

अट होती, स्वतःचं स्वतःला करता येईनासं झालं तर. तुम्ही स्वतःचं केलंत, खालच्या मजल्याचं केलंत, आणि न बोलणाऱ्या दोन माणसांना एकाच घोंगड्याच्या दोन टोकांना धरून उभं केलंत. तुमच्यामुळे काही झालं नाही. तुम्ही रोज ज्याची वाट बघत होतात तो माणूस आला नाही, म्हणून तुम्ही खाली गेलात. दुकानात मी लोकांना टोप्या, मलमं, बाटल्या देते, पण वाट बघणारं माणूस मला कुणाला देता येत नाही. दादा असते तर आज सगळ्या रस्त्याला तुमची गोष्ट सांगत सुटले असते. ते नाहीत, म्हणून गिऱ्हाईकांना मी सांगते.

डोळ्यांचं विचारलंत. मी औषधाच्या दुकानातली आहे, माझं ऐका. असले डोळे इतक्यात बरे होत नाहीत. उन्हाळ्यात तर मुळीच नाही. त्यांना काही संशय आलेला नाही, याची मी खात्री करून घेतली आहे. कशी, ते विचारू नका.

आयुष्यातलं हे माझं दुसरं खोटं, आणि या वेळी कान अजिबात गरम झाले नाहीत.

वाचून घ्या, वहिनी. रोज, दोन्ही वेळा.

तुमची नणंद